मागच्या खोलीतली रोपं

ऐन हज्ला, बाब बेरदच्या वर
४ एप्रिल २०२५

प्रिय भावा मुफद्दल,

सलाम, आणि उशिरा का होईना, ईद मुबारक. तुझी तब्येत बरी असेल आणि अगादीरची दमट हवा छातीला मानवत असेल अशी आशा करते. इकडे आम्ही खुशाल आहोत. यम्माचे गुडघे सोडले तर तिचं सगळं ठणठणीत आहे, जीभ तर विशेषच.

घरात फोन असताना मी पत्र लिहिते याचं तुला हसू येईल. पण फोनवर तू नुसता हं हं करतोस, मग मी चिडून फोन ठेवते. कागदाला हं करता येत नाही. हमीदू टोमॅटो भरायला ट्रक घेऊन तुझ्याच बाजूला येतो, त्याच्या हाती देते आहे. उत्तर लिहून झाल्याशिवाय त्याला सोडू नकोस.

आता मोठी बातमी ऐक. बाचं बी रुजलं.

बाने जाण्याआधीच्या शेवटच्या पिकातलं मूठभर बी राख घालून तेलाच्या डब्यात ठेवलं होतं, ते. आपला जुना गावठी कीफ. शहरातले लोक त्याला नाक मुरडून गांजा म्हणतात आणि औषधाच्या कारखान्यातले आता सरकारी परवान्याने हात जोडून मागतात. गावात सगळ्यांनी परदेशी बी लावलं, ते झऱ्याचं पाणी दुपारपर्यंत पिऊन टाकतं. जुनं बी कुणाकडे उरलं नाही. सहकारी संस्थेत इतिमाद नावाची मुलगी आली आहे, तेतवानची, शेतीचं शिकलेली. तिने डबा हुंगला आणि म्हणाली, मे महिन्यात दीडशे रोपं रानात उभी करून दाखव, मी या बियाण्याची नोंद करून घेते. मग पुढच्या वर्षी खालचं सगळं रान याच बियाचं. नाही जमलं तर आपल्यालाही ते पाणी पिणारं बी घ्यावं लागेल आणि बाचं बी संपलं.

तुला माहीत आहे, आपण जन्मभर बी रानात फेकलं आणि आभाळाकडे बघत बसलो. पण एवढंसं बी फेकायला हात धजेना. म्हणून टोमॅटोच्या रिकाम्या डब्यांत लावलं. दोनशे चाळीस उगवली. मी या वयात नाचले, यम्मा साक्षीला आहे.

आणि आता ती मान टाकताहेत. काडीसारखी लांब झाली आहेत, पिवळी पडली आहेत, पान नखाएवढं. रोज पाच-सहा आडवी होतात. शेळ्यांचं ताजं खत घातलं, दोन वेळा पाणी घालते, लेकरांसारखं करते, तरी पानांची टोकं करपताहेत. इतिमाद चार दिवसांसाठी घरी गेली आहे. तू चौदा वर्षं टोमॅटोच्या रोपांत काढलीस. काय करू ते सांग. जीव टांगणीला लागला आहे.

राजाने कीफवाल्यांना दिलेल्या माफीच्या यादीत तुझं नाव आहे हे मी तुला तीनदा सांगितलं. त्याला आता आठ महिने होतील. घाटात तुला कुणी अडवणार नाही. तू का येत नाहीस ते मी विचारत नाही. त्या सकाळबद्दलही मला काही लिहायचं नाही, झालं ते झालं. तुझं नाव वर्दीवाल्यांना दिलं म्हणून गाव ज्याच्याकडे बोट दाखवतं, त्या बूजमाच्या घराशी आपली अजून बोलचाल नाही, तेवढं तुला बरं वाटावं म्हणून कळवते.

तुझी मोठी बहीण,
लल्ला तामू

ता. क. डबे मागच्या खोलीत आहेत, शेळ्यांच्या पलीकडे. रस्त्यावरून अजिबात दिसत नाहीत. काळजी नको.


ऐन हज्ला
७ मे २०२५

मुफद्दल,

एकशे त्रेसष्ट! सलाम नंतर करते, आधी आकडा वाच.

आता सलाम. यम्मा बरी आहे. शेळ्यांना तीन पिल्लं झाली. सगळं सांगते, पण मला क्रमाने सांगता येत नाही.

तुझं उत्तर टोमॅटोच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आलं. चौदा वर्षांत पहिलं. ‘ताजं खत काढून टाक, ते मुळं जाळतं. डब्यांना खालून भोकं पाड. माती मोकळी घे. आणि मागच्या खोलीत म्हणजे काय? तुरुंगात टाकलंस का त्यांना? अंगणात आण.’ मी यम्माला मोठ्याने वाचून दाखवलं. ती हसली, मग कमरेला गुंडाळलेल्या मंदिलाचं टोक तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

आणि मला तेव्हा कळलं की मी काय करून बसले होते. परवान्याचा शिक्क्याचा कागद बैठकीत भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. आणि ज्या रोपांचा परवाना, ती अंधारात, शेळ्यांच्या आड. कुणी सांगितलं नव्हतं. हातांनीच तिकडे नेऊन ठेवली, यम्माने ठेवली असती तशी, आजीने ठेवली असती तशी. ती बिचारी उजेड शोधत लांब होत होती आणि मला वाटत होतं, वाढताहेत.

त्या दिवशी एकशे ऐंशी उरली होती.

मातीची पंचाईत झाली. आपली माती ओली झाली की लगदा, सुकली की वीट. मोकळी काळी माती सगळ्या डोंगरात एकाच ठिकाणी आहे, बूजमाच्या ओकांखाली. मी काही त्याच्या दारात जाणार नव्हते. पण हमीदूच्या पोटात काही राहतं का? दुसऱ्या दिवशी सकाळी बूजमा खेचरावर दोन पोती लादून आपल्या अंगणात हजर. म्हातारा झाला आहे फार. मी दारातच उभी राहिले. तो म्हणाला, “चौदा वर्षं सलाम घेतला नाहीस, तामू. माती तरी घे.”

मी माती घेतली. तो आणखी काही बोलला, ते शेवटी लिहिते.

मग जे दोन दिवस गेले ते तू बघायला हवे होतेस. इतिमाद परत आली होती. डब्यांना खिळ्याने भोकं पाडली, ती काळी माती चाळली, ओढ्याची वाळू मिसळली, जुनं कुजलेलं खत नुसतं चवीपुरतं. एकेक रोप चमच्याने उचललं आणि खोल बसवलं, खालच्या दोन पानांपर्यंत, म्हणजे ती लांब काडी मातीत गेली आणि वर नुसतं ठेंगणं पोर उरलं. यम्मा गुडघ्यांची तक्रार विसरून भोकं पाडत बसली होती. मधे बिसाऱ्याची दाट आमटी आणि सातूची भाकरी झाली, पुन्हा काम. इतिमाद म्हणाली, पाणी बोटाच्या पेराइतकी माती सुकल्यावरच. मी म्हणाले, मग दिवसभर हाताने करू काय? तर म्हणे, रोपांवरून हात फिरवा, वाऱ्यासारखा, खोड जाड होतं. आता मी येता-जाता हात फिरवते आणि यम्मा म्हणते, असा हात तुझ्या पोरांवरून कधी फिरवला नाहीस.

मग उजेड. अंगणातली रस्त्याकडची भिंत चुन्याने रंगवली, उजेड उलटून यावा म्हणून, आणि ती वाळल्यावर डबे तिच्यासमोर मांडले. पहिल्या दिवशी सकाळचा एक तास ऊन, मग दोन, मग अर्धा दिवस. मुफद्दल, चौथ्या दिवशी ती उभी होती. पाचव्या दिवशी नवं पान आलं, दातेरी, हिरवंगार. सतरा गेली, बाकी सगळ्यांनी जीव धरला.

आठव्या दिवशी जीप थांबली.

त्या सकाळचाच आवाज, तसाच दरवाजा लागला. माझे पाय आपोआप डब्यांच्या पुढे गेले. जवान उतरला, पंचविशीचा असेल. भिंतीवरून वाकून म्हणाला, “खाला, टोमॅटो का?”

हो म्हणता आलं असतं. जीभ तिथपर्यंत गेलीही होती. पण मी म्हणाले, “कीफ आहे. परवाना आत आहे, आणू?”

तो म्हणाला, राहू दे, पाणी मिळेल का. मी त्याला ताक दिलं. तो प्यायला, भांडं परत दिलं, रोपं छान आहेत म्हणाला आणि गेला. मी अंगणात बसून हसले की रडले मला माहीत नाही. पन्नास वर्षांच्या आयुष्यात वर्दीसमोर हा शब्द मी पहिल्यांदा खरा उच्चारला होता.

आणि म्हणूनच आता दुसरं खरंही लिहिते. थांबले तर लिहिणार नाही.

त्या सकाळी अधिकाऱ्याने अंगणात उभं राहून विचारलं होतं, रान कुणाचं. बा दारात खोकत उभा होता. त्याला नेलं असतं तर तो आठवडाही जगला नसता. तू वर डोंगरात लाकडं तोडत होतास. मी म्हणाले, मुफद्दलचं. मला वाटलं, तुला पळायला पाय आहेत, बाला नाहीत. मला वाटलं, दोन महिन्यांची गोष्ट आहे. तुझं नाव बूजमाने दिलं नाही. तो फक्त खेचर घेऊन वाटेवर होता, म्हणून गावाने त्याच्यावर बोट ठेवलं, आणि मी ते बोट खाली केलं नाही. चौदा वर्षं. बा तुला न बघता गेला तेव्हाही मी गप्प राहिले.

पोती उतरवताना बूजमा म्हणाला, “मी त्या दिवशी भिंतीपलीकडे होतो. ऐकलं होतं.” मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तो खेचराचा पट्टा आवळत म्हणाला, “तुझ्या बाचा मुलगा गेलाच होता. मुलगीही घालवू?”

यम्माला मी परवा सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज माझ्यापुढे भाकरी ठेवली, बोलली नाही, पण ठेवली. आता हे पत्र हमीदूच्या हाती दिलं की शुक्रवारी झऱ्यावर बायकांना सांगणार आहे, म्हणजे शनिवारपर्यंत सगळ्या डोंगराला कळेल. बूजमाला निदान उरलेली वर्षं मान वर करून चालता येईल.

काल एकशे साठ रोपं खालच्या रानात लावली. इतिमादने ओळी मोजल्या, तिचा आनंद माझ्यापेक्षा मोठा. मग तिने नोंदीचा कागद मांडीवर घेतला आणि लेखणी उघडून विचारलं, “रान कुणाचं?”

तेच दोन शब्द. बूजमा पलीकडच्या बांधावर होता, त्याला ऐकू जावं एवढ्या मोठ्याने मी म्हणाले, “मुफद्दलचं.”

खोटं नाही, बाने ते तुलाच ठेवलं आहे. नाव लिहून झालं. सहीची जागा रिकामी आहे, ती महिनाअखेरपर्यंत रिकामी चालते असं ती म्हणाली. तीन रोपं मी लावली नाहीत. अंगणात आहेत, चुन्याच्या भिंतीसमोर, रस्त्यावरून सगळ्यांना दिसतील अशी. ती तू लाव.

रागावून ये. बोलू नकोस माझ्याशी, यम्माशी बोल. पण ये.

तुझी,
तामू

मोठी बहीण म्हणून मानाने लल्ला म्हणायचं की नाही, ते तू आल्यावर ठरव.