घडी कोण मोडणार?

प्रिय गिरजा,

उद्या चांद्याचं प्रदर्शन उघडतंय. कापडाच्या दालनाची सजावट यंदाही माझ्याकडेच आहे. मांडव झाला, कमान झाली, कोशाच्या रेशमी लुगड्यांचे गठ्ठे येऊन पडलेत, आणि माझा हात काही चालत नाही. "बघ गं, लांबून कसं दिसतं?" हे आता विचारू कोणाला? म्हणून तुलाच लिहायला बसलो.

आठवतं, पहिल्या वर्षी विणकर कसे अडून बसले होते? बांबू-गवताचे बाहुले मी हौसेनं केले, पण त्यांना लुगडी नेसवू देईनात. नव्या लुगड्याची घडी आधी बाईमाणसानं मोडायची, बुजगावण्यानं नव्हे! तेव्हा तूच पुढे झालीस. एकेक लुगडं अंगावर घ्यायचं, पदर खांद्यावर टाकायचा, देवाला हात जोडायचे, मग ते बाहुल्याला द्यायचं. दमलीस की म्हणायचीस, "अवो, मी मानूस आहो का खुंटी?"

इतक्या घड्या मोडल्यास, पण स्वतःसाठी एक कोशाचं लुगडं घेतलं नाहीस. मी विषय काढला की तुझं ठरलेलं, "पुढच्या साली पाहू." कुठे गेलं गं ते पुढचं साल? श्रावणातल्या तापानं तुला नेलं.

शेवटचं हिरवं लुगडं तुला बायकांनी नेसवलं. निऱ्या वाकड्या आल्या होत्या. माझा सारा जन्म निऱ्या लावण्यात गेला, हात आपोआप पुढे झाला. "भाऊ, तुमी सरका," त्या म्हणाल्या. सरकलो. त्या निऱ्या अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

बाहुले सगळे तुझ्याच मापाचे. लहानपणी मोहाच्या झाडावरून पडलीस, तेव्हापासून तुझा डावा खांदा जरा उतरलेला. तो त्यांच्यातही आला. प्रदर्शनाचे नवे साहेब म्हणतात, "बाहुले तिरपे दिसतात, सरळ करून घ्या." सकाळी सुरी घेऊन बसलो होतो. खांद्याची सुतळी कापवेना.

दुपारी सरजाबाई कोष्टीण गठ्ठ्यातलं पहिलं लुगडं घेऊन आली. "भाऊ, घडी कोन मोडन आता?" ती मधल्या बाहुल्याजवळ गेली. तिचा हात डाव्या खांद्यावर टेकला आणि तिथेच थांबला. "अवो, हे तं बाईच उभी हाये!" मग तिनं स्वतः लुगडं उलगडलं, बाहुल्याच्या खांद्यावर पदर टाकला, हात जोडले. "बाईनंच मोडली म्हना." भर मांडवात रडलो गं मी!

निऱ्या मात्र मीच लावल्या. या वेळी कोणी सरका म्हणालं नाही.

साहेब काहीही म्हणोत, तुझा खांदा मी कोणाला सरळ करू देणार नाही, हा माझा शब्द. आणि ते मधलं लुगडं विकायला नाही. प्रदर्शन उठलं की पैसे मोजून घरी आणीन. पुढचं साल आलं, गिरजा.

तुझा,
नामदेव