हेझ्रनमामांच्या कॉम्प्युटरला उत्तरार्धात लागणारी धाप

चावाकाली, मंगळवार

तीर्थरूप हेझ्रनमामांस,

भाचा एनोस केगोडे याचा वाकून नमस्कार. तुम्ही, मामी आणि मुलं त्या कॅनडाच्या बर्फात अजून हातापायांनिशी शाबूत असाल अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. आई ठणठणीत आहे. मोठ्या इस्पितळात आठवडाभर ठेवून घेतलं ते नुसतं तपासायला. पोटात दुखतं ते पित्त आहे आणि काळजीचं काही कारण नाही. (हे वाक्य आईने सांगितलं. ती समोर खुर्चीत विणत बसली आहे, आणि पाकीट चिकटवण्याआधी पत्र अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवायचं असा हुकूम आहे.) फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. शेजारची फिबी गुरुवारी तुमच्याच गावी नर्सच्या नोकरीवर निघाली आहे, ती आयतीच सापडली. शिवाय फोनवर मी माझं रडगाणं सुरू केलं की दोन मिनिटांत फोन आईच्या हातात जातो, आणि मग तुम्ही बहीणभाऊ गेलेल्या नातेवाइकांची उजळणी करत बसता.

तर तुमच्या कॉम्प्युटरबद्दल. दोन वर्षांपूर्वी विजारींच्या घड्यांत एकेक भाग गुंडाळून तुम्ही तो आणलात, जेवणाच्या टेबलावर स्वतःच्या हाताने जोडलात आणि निघताना म्हणालात, "एनोस, हा हत्ती आहे, दहा वर्षं मागे वळून बघायला नको." मामा, हत्तीला दमा झाला आहे. सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं असा पळतो की तुमच्या हातांचे मुके घ्यावेत. सेकंदाला एकशे चाळीस चित्रं. मग काय होतं देव जाणे, तो आकडा घसरत अठरावर येतो, आणि माझे अकराच्या अकरा खेळाडू गुडघाभर चिखलातून सासरी निघाल्यासारखे चालायला लागतात.

एरवी मी हे सोसलं असतं. (मी बरंच सोसतो. बी.एड. होऊन चार वर्षं झाली, सरकार शिक्षक घेणार घेणार म्हणतं आहे, आणि तोवर मी लोकांच्या पोरांना भागाकार शिकवतो.) पण नैरोबीच्या 'उपेपो' नावाच्या संघात कॉम्प्युटरवर फुटबॉल खेळणाऱ्याची एक जागा रिकामी झाली. पगार आहे, राहायला संघाचंच घर आहे. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि जगात मला एवढी एकच गोष्ट बरी येते. निवडीचा सामना घरूनच खेळायचा होता. पूर्वार्धात मी तीन गोलांनी पुढे होतो. उत्तरार्धात चार खाल्ले. चौथा जाताना मी बघत होतो, बटण दाबत होतो, आणि माझा गोलरक्षक विचार करत उभा होता. संघाचा कप्तान मुतिंडा भला माणूस. म्हणाला, "गड्या, पूर्वार्धातला एनोस मला हवाय. उत्तरार्धातला तू घरी ठेव." तीस तारखेला त्याने पुन्हा एक सामना दिला आहे. जिंकलो तर एक तारखेला नैरोबी, हरलो तर भागाकार.

तुम्ही फोनवर सांगितलेलं सगळं केलं. पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डालाच आहे ना, तीन वेळा पाहिलं. ड्रायव्हर नवे घातले, मग जुने घातले. वीज वाचवण्याची सोय बंद केली. मागे गुपचूप चालणारे प्रोग्रॅम एकेक करून मारले (त्यात चर्चच्या गायनवृंदाची सगळी गाणी गेली, त्याबद्दल अल्टो गाणाऱ्या बायका अजून माझ्याशी बोलत नाहीत). खेळातली दृश्यं इतकी खाली आणली की मैदानावरचं गवत गेलं, प्रेक्षक गेले आणि खेळाडूंचे चेहरे उकडलेल्या रताळ्यांसारखे झाले. तरी अठरा ते अठराच. तापमान बघ म्हणालात, तर सकाळी सुरू केल्या केल्या बघितलं, अगदी उत्तम होतं. शेवटी सगळं पुसून पुन्हा भरलं. माझं बी.एड.चं प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवलेलं होतं तेही पुसलं गेलं. ते कुणी मागितलं नव्हतंच म्हणा.

मग बाजारातला शेम फुंडी झाला. फुंडी म्हणजे कारागीर खराच, पण हा रेडिओपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळ्याचा आहे. कॉम्प्युटर मांडीवर घेऊन, बोडाबोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलच्या, मागच्या सीटवर बसून मी त्याच्या दुकानात गेलो. तिथे तो दोन तास एकशे चाळीसने पळला. शेम म्हणाला, "याला काय धाड भरलीय? घोड्यासारखा पळतोय. तुझ्या घरची वीजच आजारी आहे, बघ." घरी आणला, पुन्हा अठरा. मग शेम घरी आला. आईचं क्रोशाचं आवरण काढून त्याने नीट घडी करून खुर्चीवर ठेवलं (आपल्याकडे सोफा, रेडिओ, टीव्ही, पाण्याचं पिंप, काहीही उघडं दिसत नाही, तुमच्या कॉम्प्युटरच्या डब्याला तर तिने जमिनीपर्यंत झालर असलेलं नारिंगी आवरण घातलं आहे), तासभर तपासलं, एकशे चाळीस. आवरण परत घातलं, चहा प्यायला, मजुरी घेतली, गेला. उत्तरार्धात अठरा.

वीज नाही, यंत्र नाही, तेव्हा आईने पाद्री जाफेथना बोलावलं. त्यांनीही आवरण काढायला लावलं, कारण प्रार्थनेत हात उघड्या वस्तूवर ठेवावा लागतो. अर्धा तास प्रार्थना चालली, मी खेळत होतो, सात गोल केले. पाद्री घाम पुसत म्हणाले, "यंत्रात खोट नाही, एनोस. खोट मालकात आहे. रविवारी कुठे असतोस?" ते फाटकाबाहेर पडले, आईने आवरण घातलं, आणि वीस मिनिटांत माझ्या खेळाडूंचा परमेश्वरावरचा विश्वास उडाला. हसू नका. मला तेव्हा रडू आलं होतं, आणि आईने ते पाहिलं.

गेल्या आठवड्यात आई झालर सारखी करायला वाकली, तिचा हात आत गेला, आणि ती म्हणाली, "अरे, याला ताप आहे." मी हात लावून पाहिला. होता. "रोज संध्याकाळी चढत असेल," आई म्हणाली. "मला विचारायचंस. ताप आलेल्याला उघडं ठेवत नाहीत, घाम आला की उतरतो." तेव्हापासून ती दुसरं आवरण विणते आहे, लोकरीचं, दुहेरी, मागच्या बाजूने बटणं असलेलं. आता सांगा मामा, यावर मी काय बोलू? हे यंत्र तुमच्या हातचं आहे, त्याचं दुखणं तुम्हालाच कळेल. इतकंच लिहितो. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
एनोस

ता. क. वाचून दाखवलं. आईला पसंत आहे. ती म्हणते, पाद्रींबद्दलचं वाक्य खोड, आणि तुम्ही जाडजूड मोजे घालत जा. वाक्य मी खोडलेलं नाही.

आणखी एक ता. क. दुपारी आईचा डोळा लागला आहे, म्हणून भरभर लिहितो. मामा, बिघाड मला सापडलेला आहे. तिचा हात लागला त्याच दिवशी सापडला. ती झोपल्यावर आवरण काढून दोन तास खेळलो, एकदाही अडखळला नाही. मग आवरण होतं तसं घातलं. कप्तानाला काल कळवलं की जागा दुसऱ्या कुणाला दे. जिंकलो असतो तर एक तारखेला जावं लागलं असतं, आणि मला आता इथून कुठे जायचं नाही.

पित्त नाही. कॅन्सर आहे, जठर आणि यकृत दोन्हीकडे पसरला आहे, इस्पितळाने औषधं थांबवून घरी पाठवलं. तुम्हाला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे. म्हणते, "हेझ्रन मातीला येणारच आहे. एका मरणासाठी माणसाला दोनदा रजा काढायला लावू नये." फोनवर संदेश पाठवला असता तर तुम्ही त्याच क्षणी तिलाच फोन करून विचारलं असतं, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. ती मजेत बोलते, विणते आणि सुई हातातून पडली की मी बघितलं का ते बघते. मला फार भीती वाटते, मामा. एकट्याने मला हे जमत नाही.

तुम्ही या. फोन करू नका, नुसते या. पेचकस घेऊन या आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलो म्हणा. एनोसचं पत्र वाचून राहवलं नाही म्हणा, तिला ते पटेल. सगळे भाग सुटे करून जेवणाच्या टेबलावर पसरा आणि तिच्यासमोर बसून सावकाश जोडा. किती दिवस लागतील असं ती विचारेल. दोन-तीन आठवडे सांगा. डॉक्टरांनीही तेवढेच सांगितले आहेत.