ढेकीची गोष्ट कोणी सांगायची

भिलाई, मार्च १९६४

प्रिय मीनल,

नागपूरला तुझं शिक्षण कसं चाललंय हे विचारत नाही, कारण उमाकांतराव भेटले की तेवढंच सांगतात. मीनलनं तिथल्या संग्रहालयात अमुक मांडणी पाहिली, मीनलला तिथले साहेब तमुक म्हणाले. नवऱ्यानं बायकोचं कौतुक करावं, माझी ना नाही. पण क्वार्टरच्या फाटकात उभं राहून दर वेळी मीच का ऐकायचं?

आपल्या संग्रहालयाला सुरुवातीला कोणी संग्रहालय म्हणत नव्हतं, हे तुला ऐकूनच माहीत. क्लबच्या मागची दोन रिकामी गोदामं होती. पोलादाच्या प्लांटसाठी जी गावं उठली, तिथलं टाकून दिलेलं सामान उमाकांतराव ट्रकमध्ये घालून आणायचे आणि तिथं ठेवायचे. ड्रॉइंग ऑफिसातला माणूस भंगार गोळा करून राहिला, म्हणून लोक हसायचे. पायानं धान कांडायची मायची ढेकी आमच्या क्वार्टरच्या मागे पडून होती, ती मी त्यांना दिली. तुमचं लग्न तेव्हा ठरलंही नव्हतं. आता पहिल्या खोलीत भट्टीचं मॉडेल आणि राजहऱ्याच्या खाणीतला लोहदगड आहे, दुसऱ्या खोलीत पावसात डोक्यावर घ्यायच्या बांबूच्या खुमऱ्या, धान मापायचे काठे, पाया खोदताना सापडलेली दगडी मूर्ती. पण रविवारी गर्दी होते ती ढेकीपाशी. पोरं तिच्यावर पाय देतात, रशियन इंजिनिअरांच्या बायका पाय देतात, कांडलेले तांदूळ पानाच्या दोन्यात घेऊन जातात. आणि तू मायची गोष्ट सांगतेस.

ती गोष्ट मला कधीच पटली नव्हती. गाव सोडायच्या दिवशी ट्रक दारात हॉर्न वाजवत होता आणि माय म्हणाली, टोपल्यातलं धान कांडून झाल्याशिवाय मी निघणार नाही. ड्रायव्हर खाली उतरला, ओट्यावर बसला, आणि शेवटी त्यानंच सूप धरलं. लोक डोळे पुसतात. मी मागे उभी राहून मनात म्हणायची, ही पोरगी रचून सांगते. मी थोरली बहीण, गाव मी जास्त पाहिलेलं, शेणामातीत मी राबलेली, आणि माय गेली आठ वर्षं माझ्या घरी आहे. मग माझी माय लोकांना तुझ्या तोंडून का कळावी?

गेल्या रविवारी उमाकांतराव म्हणाले, "सिंधुताई, मीनल नाही, तुम्ही सांगाल का?" म्हणून मी एका शब्दात हो म्हटलं. जरीकाठाचं लुगडं नेसले. मायलाही रिक्षात घालून नेलं, तिनं मला पाहावं म्हणून. शाळेची पोरं होती, दोन रशियन बाया होत्या. पहिल्याच पोरीनं विचारलं, "मीनलबाई कुठे आहेत?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. धान कसं कांडतात ते सांगितलं, घर केवढं होतं ते सांगितलं. मग म्हटलं, एके दिवशी ट्रक आला, आम्ही सामान भरलं आणि निघालो.

बाकावरून माय म्हणाली, "असं नाही झालं ते."

ती उठली, कोणाचा हात न धरता ढेकीपाशी आली आणि तिनं सगळं सांगितलं. टोपलं, हॉर्न, ड्रायव्हर, सूप. शब्दन् शब्द तुझाच. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून पोरांना म्हणाली, "हे नव्हती तिथं. हे ढोरं घेऊन पुढे गेली होती. लहानी होती माह्यापाशी." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीशी उभी होते. गुरं न्यायला मला तिनंच पाठवलं होतं, मीनल. थोरलीला पाठवतात. तुला जवळ ठेवलं.

परत येताना रिक्षात मी विचारलं, हे तू मला आजपर्यंत कावून नाही सांगितलं? ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुह्यासमोर गावाचं नाव काढलं का तू भांडे आपटतं. लहानी इचारते तं मले आठवते." घर आल्यावर, उतरायच्या आधी ती आणखी एक वाक्य बोलली. ते लिहायलाच हे पत्र घेतलंय, आणि इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरून राहिले.

"मले मीनलकडे रायचं आहे." रागावून नाही, रडून नाही, साधंच. मी तीन दिवस वाट पाहिली, विसरेल म्हणून. तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलंय. तेव्हा तू नागपूरहून आलीस की तिला दुर्गला तुमच्या घरी घेऊन जा. तिचा डावा गुडघा धरतो, सकाळी कोमट तेल लाव. ताक दिवसा दे, संध्याकाळी तिला सोसत नाही. शेजारीण आली की ती पाठ दुखल्याचं सोंग करते, ते खरं मानू नकोस. हे तुला ठाऊक नसणार, हे मला ठाऊक आहे. उमाकांतरावांना अजून बोलले नाही, तूच सांग. आणि महिन्यातून एखादा आठवडा तिला माझ्याकडे पाठवत जा. मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागते.

तुझीच, रागावलेली तरी तुझीच,
सिंधू