कमीत भागवणारे

प्रिय कासवा,

तू परत येतोयस हे मला विभागप्रमुख सरांकडून कळलं. तू स्वतः कळवलं नाहीस याचा मला राग आलाय, तो आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. सोमवारी विद्यावेतनाची बैठक आहे. तिथे पैसे मिळाले तरच तू प्रबंध पुरा करायला थांबणार, नाहीतर आल्या पावली परत, एवढं सर म्हणाले. आणखी एक वाक्य म्हणाले, ते शेवटी लिहिते. आत्ता लगेच लिहायला हात धजत नाही.

तळघरातली आपली खोली आहे तशीच आहे. माझ्या खिडकीतून अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. दारापाशी वारा लागतो म्हणून तुझं टेबल कोणी घेतलं नाही. त्यावर पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडलेले असतात. दाढीवाला प्रबंध सोडून बँकेत लागला. तिथे रोज गुळगुळीत होऊन जावं लागतं, त्यामुळे त्याला आता काय म्हणून हाक मारायची हा प्रश्नच आहे. तो गेल्यापासून खोलीत कोणी मोठ्याने हसत नाही.

तुझ्या वेळची ती बैठकीची तऱ्हा आता कायमची झाली आहे. पाच वर्षं विभाग पोसणार, त्यापुढे रखडलेल्या सगळ्यांसाठी मिळून एकच रक्कम. ती कशी वाटायची? दुसऱ्या विभागातल्या लोकांनी चिठ्ठ्या टाकल्या असत्या, नाहीतर भांडले असते. आपण पडलो अर्थशास्त्राचे. प्रत्येकाने सर्वांसमोर सांगायचं की निदान कितीत भागेल, कमीत कमी मागणाऱ्याला आधी द्यायचं, आणि असं रक्कम संपेपर्यंत. विभागप्रमुखांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी त्यावर परिषदेत निबंध वाचला.

माझी पाच वर्षं तेव्हा संपायची होती, म्हणून मी फळ्यावर आकडे लिहायला उभी होते. दाढीवाला म्हणाला, एका वेळच्या जेवणावर राहीन. दुसऱ्या एकाने खोली सोडून मावसभावाकडे जमिनीवर झोपायची तयारी दाखवली. तू भाडं सांगितलंस, जेवण सांगितलंस, आणि आईचं डायलिसिस सांगितलंस. पुढच्या फेरीत सगळे खाली आले, तू तोच आकडा सांगितलास. त्याच्या पुढच्या फेरीतही तोच. असा हटवादीपणा परवडत नाही, असं प्रमुखांनी तुला अगदी गोडीने समजावलं. तू म्हणालास, आईला अर्धं मशीनवर ठेवता येत नाही, सर. मग सगळ्यांचे कप विसळून ठेवलेस आणि गेलास. तुझा आकडा पुसायला प्रमुखांनी सांगितलं, पण मला पुसवेना. शेवटी तो त्यांनीच पुसला.

मशीनवर पडल्या पडल्या तुझा फोन लागला नाही की काकू माझ्याशी बोलायच्या, आठवतं? एवढी वर्षं पैशाचा अभ्यास करता आणि तुमच्यापैकी एकाकडेही पैसा कसा नाही गं, म्हणून मला सारख्या चिडवायच्या. दिवाळखोर मुली, नीट जेवत जा, असं म्हणून फोन ठेवायच्या. मला त्यांची फार सवय झाली होती. तू गेल्यावर त्यांना फोन करायचा हक्क आपल्याला आहे की नाही, याच विचारात मी राहिले.

या वर्षी मी फळ्याजवळ नाही, तुमच्या रांगेत आहे. घरी बसून काय काय कापता येईल ते बघत होते. हीटर, बस, दूध. आरशासमोर आकडा म्हणूनही पाहिला. आवाज थरथरता कामा नये ना.

आणि परवा सर हसतमुखाने खोलीत आले. म्हणाले, कासव शहाणं झालं. स्वतःहून फोनवर म्हणालं की आता माझं कमीत भागेल. सगळ्यांना बरं वाटलं. मी मात्र तुझ्या टेबलावरचे गठ्ठे बाजूला करून तिथेच बसले. काकू गेल्या ना रे? आणि तू हे कोणालाच सांगितलं नाहीस, मलाही नाही. सोमवारी मी तुझ्यापेक्षा कमी आकडा बोलणार नाही, काहीही झालं तरी. माझं काय ते मी बघेन. पण मागच्या खेपेला तू कारण सांगितलं होतंस, तसं या वेळीही सांग. का कमी लागतं आता, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. तुला सांगवलं नाही तर माझ्याकडे बघ, मी सांगेन.

तुझीच,
खिडकीपाशी बसणारी दिवाळखोर मुलगी