कोवळ्यालेच हात लावते

तुमसर
११ डिसेंबर १९८६

ती. स्व. पुष्पाबाईले लहान बहीन चंद्रकलाचा सा. न. वि. वि.

पोरीले घेऊन मी सुखरूप पोचली. माह्या बाळंतपनातले उरलेले डिंकाचे लाडू तू बांधून देल्ले होते, ते अर्धे तुह्या जवायानं खाल्ले. बाळंतीन कोन झाली होती तेच समजत नाई.

इथं मिलच्या मालकानं, श्यामरावशेठनं, वावरात पन्नीचं घर उभं केलं हाये. आत लिलीची फुलं. पहाडातून कांदे आनून लावले. नागपूरच्या लग्नांत जातीन मनते. तुहे जवाई दिवसभर तिथंच पानी देतेत. आमची खोली त्या पन्नीच्या घराले लागून, मधात एक दार. खोली पक्की हाये, पन मन लागत नाई.

बाई, तुले सांगते, कोनाले सांगू नको. त्या झाडांचे खालचे जुने पानं हिरवेगार हायेत. पन मधातून जे नवं पान निंगते ना, गुंडाळलेलं, लेकरू दुपट्यात असते तसं, ते निंगतानाच काठानं जळलेलं निंगते. गरम चिमट्यानं धरल्यावानी. शेतीचा साहेब आला, जमिनीत चुना कमी पडला मने. चुना टाकला. तरी तसंच.

निंदाले येते त्या गोदावरीबाईनं सांगतलं, पहिल्या चौकीदाराची बायको, धुरपता, मागच्या हिवाळ्यात याच खोलीत बाळंतपनात गेली, लेकरू बी गेलं. तीच फिरते मने. कोवळ्यालेच हात लावते.

सांज झाली का पन्नीचा पडदा थप थप करते, कोनी दार ठोकल्यावानी. मी पोरीले छातीशी धरून बसते. आपली माय असती तं तिले लिवलं असतं. आता तूच माय.

तुही,
चंद्रकला


कोंढा
१८ डिसेंबर १९८६

चि. सौ. चंद्रकलाले पुष्पाबाईचे अ. आ.

तुहं पत्र तुह्या भाऊजीनं वाचून दाखवलं, अन् हे मी सांगून राहिली अन् ते लिवून राहिले. मधात हसतेत बी. तू लहानपनी बोडीच्या पान्यातल्या बेंडकाले भूत मनून पळाली होती, त्याची आठवन काढतेत.

मी नाई हसत. कोवळ्याले हवा लागते, हे खोटं नाई. खिडकीच्या फटी चिंध्यांनं बुजव. ओव्याची शेगडी खोलीतच ठेव, वरतून पान्यानं भरलेला गंज ठेव, मनजे पोरीचं नाक सुकनार नाई. मीठ-मिरची ओवाळत जाजो. अन् आमच्या जवायाले, भोजराजजीले, सांग, झाडाले बी लेकरावानीच झाका. तो पडदा आवळून बांधा. थपथप बी बंद होईन अन् तुही भीती बी.

माह्या देरानीले, धाकट्या जावेले, सातवा लागला. माघ-फागुनात इथं बी पाळना हालन. तिची खोली मी आतापासूनच बुजवून ठेवली हाये, तुही ठेवली होती तशी. पोरीचा पापा घेजो.

तुही,
पुष्पाबाई


तुमसर
२ जानेवारी १९८७

ती. स्व. पुष्पाबाईले चंद्रकलाचा सा. न.

तू सांगतलं तसं सारं केलं. पडदा सुतळीनं आवळला. थंडी बी लय, मनून तुह्या जवायानंही ना मनलं नाई. आता पन्नीच्या आत असं वाफेवानी होते का वरतून थेंब गळतेत, पाऊस पडल्यावानी. मधातलं दार उघडं ठेवते, तेवढीच ऊब खोलीत. थपथप बंद झाली. आता टपटप होते. ती बाहेर होती, मी तिले आत कोंडलं, असं वाटते.

खिडकीची फट बुजवाले गेली तं तिथं पहिलेच चिंध्या होत्या, बाई. हिरव्या लुगड्याच्या. गोदावरीबाईनं पाहल्या अन् तोंडाले पदर लावला. धुरपताचं लुगडं मने. माह्याआधी कोनीतरी हेच काम केलं होतं. मी त्याच्यावर आपल्या चिंध्या कोंबल्या. काय करू?

पानं कमी नाई झाले, जास्ती जळले. रांगच्या रांग. आता कळ्याबी तपकिरी पडून राहिल्या. अन् पोरगी. अंगभर लाल पुरळ आलं. श्वास भरभर घेते, दूध तोंडातच ठेवते. मी तिले तीन दुपट्यांत गुंडाळते तरी रडते. जुन्याले काई होत नाई, कोवळंच चाललं. फुलं झाले का ती हिच्याकडं येईन.

मी कोंढ्याले येऊन राहिली. हे नाई मनतेत, तरी येईन.

तुही,
चंद्रकला


कोंढा
८ जानेवारी १९८७

चि. सौ. चंद्रकलाले अ. आ.

एवढ्या थंडीत लेकरू घेऊन मोटारीत बसू नको. तुहे भाऊजी बाजाराच्या दिवशी येतीन, त्यायच्या संगं ये.

एक सांगते. ती धुरपता मेली कशानं, हे तू लिवलंच नाई. विचार. मेलेल्या बाईची गोष्ट अर्धी आयकू नये, उरलेली अर्धी आपल्याच घरात फिरत राहते.

पोरीकडे पाह. मी काळजीत हावो.

पुष्पाबाई


तुमसर
१९ जानेवारी १९८७

ती. स्व. पुष्पाबाईले चंद्रकलाचा सा. न. वि. वि.

भाऊजीले परत धाडून राहिली. रागावू नको, मी येत नाई. पोरगी बरी हाये. सारं सांगते.

गेल्या आठवड्यात साहेब पुन्हा आला. पन्नीच्या आत पाय ठेवला अन् चष्मा वाफेनं पांढरा झाला. ओरडलाच. झाडं वाढवून राहिले का उकडून राहिले, मने. मंग तुह्या जवायाले समजावत होता, मी दारात पोरीले घेऊन आयकत होती. जमिनीत चुना लय हाये मने. पन चुना पान्यासंगंच वर चढते, अन् पानी तवाच चढते जवा पानाले घाम येते. हवाच ओली असन तं पानाचा घाम निंगनच नाई, पानी चढनच नाई. गुंडाळलेल्या कोवळ्या पानापर्यंत काईच पोचत नाई, मनून ते उपाशी राहून काठानं जळते. सकाळी पडदे उघडा, हवा खेळू द्या, संध्याकाळी पानी देऊ नका, मने.

माह्या हातात पोरगी तीन दुपट्यांत घामानं भिजून होती.

मी तशीच गोदावरीबाईकडं गेली. तू सांगतलं तसं इचारलं. धुरपता बाळंतपनात नाई गेली, बाई. बाळंतीन चांगली झाली होती, लेकरू बी चांगलं. थंडी पडली मनून सासूनं खोली बुजवली, तिचंच लुगडं फाडून. शेगडी आत ठेवली. अन् कोनाची सावली पडू नये मनून कडी बाहेरून लावली. सकाळी कडी काढली तं आत नुसता कोळशाचा वास. लेकरू तिच्या मांडीवर, अन् ती दाराले टेकून. दारावर आतून तिचे हात लागल्याचे डाग होते मने, मंग चुना मारला.

मी घरी आली. शेगडी अंगनात फेकली. फटीतल्या चिंध्या ओढून काढल्या, माह्या बी अन् तिच्या बी. हिरव्या चिंध्या नाल्यात सोडल्या, हळद-कुंकू टाकून. पोरीले एका झबल्यात ठेवलं. त्या दिवशी ती लय दिवसानं पोटभर प्याली. पुरळ उतरून राहिलं. जळले पानं तं हिरवे होत नाई, पन काल एका झाडातून नवं पान निंगलं, काठापासून काठापर्यंत हिरवं. तुहे जवाई मले दाखवाले हात धरून घेऊन गेले.

पडदा आता पुन्हा थपथप करते. मले अजून बी भेव वाटते, खोटं कायले सांगू. पन आता मी उठून सुतळी बांधत नाई, सोडते. बाई, ती कोनाले हात लावाले येत नव्हती. ती दार उघडा मनून ठोकत होती, अन् आम्ही सारे दार आवळत होतो.

माह्या बाळंतपनात तू बी माह्या खोलीची कडी बाहेरून लावत होती, मायेनंच. मले माहीत हाये. पन तुह्या देरानीचे दिवस जवळ आले. बुजवलेली खिडकी आजच उघड, अन् मंग मले लिव का उघडली. तुहं पत्र येईपर्यंत मले झोप नाई.

तुही,
चंद्रकला