टाकीतली हळद

आई,

कॉलेजात पेपर तपासायला जातेय, चारपर्यंत येईन. तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही.

आधी काचेच्या टाकीतल्या न्यूटचं सांगते. दोन्ही ठीक आहेत. धाकटीच्या अंगावरून लोंबत होती ती जखम नव्हती, कात होती. अधूनमधून त्यांची कात निघते आणि ती स्वतःच खाऊन टाकतात. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. ती बेडकांच्या नात्यातली असली तरी एरवी तुम्ही त्यांना पाली म्हणता, टाकीजवळ फिरकत नाही, आणि काल तिला लागलंय समजून पाण्यात हळद घातलीत. मी नुसतं पिवळं पाणी बघितलं आणि नको ते बोलले.

पाणी बदललंय. सकाळी तिने गांडूळ खाल्लं.

आज ऊन फार आहे आणि पाणी तापलं की त्यांना सोसत नाही. जेवण झालं की फ्रीजरमधली बर्फाची बाटली टाकीत सोडा. झाकण लगेच लावा, नाहीतर ती बाहेर येतील आणि तुम्ही सोफ्यावर चढाल.

तुमची भरलेली बॅग दाराशी दिसली. ताईंकडे दिल्लीला जायला सेक्टर ४३च्या बसस्टँडवरून रोज बस सुटते, ती कुठे पळून जात नाही. उन्हाळा मात्र अजून बराच आहे, आणि दुपारची बाटली सोडायला घरात आपलं माणूस लागतं.

बॅगेतली सांगलीची हळद न विचारता काढून परत मिसळणाच्या डब्यात भरलीय. रात्री वरण तुम्हीच करा.

वल्लरी