एकोणिसावा खिसा

३ नोव्हेंबर, सोमवार

चढावर पिकअपच्या मागे पांढरा धूर. आधी वाटलं दुसऱ्या कुणाचा आहे — माझाच होता! रेडिएटरचं पाणी उकळून बाहेर. हौद्यात एका जोडप्याचं अख्खं घर भरलेलं : कपाट, फ्रिज, गाद्या, पिंजऱ्यासकट पोपट. दुसरी गाडी बोलावून त्यांचं सामान पोहोचवलं आणि माझी पिकअप दोर लावून घरी ओढत आणली.

मेकॅनिक येऊन बघून गेला. तेल मोजायची पट्टी ओढून माझ्यासमोर धरली. तेल कसलं, दुधाळ कॉफी. "ताई, पाणी तेलात गेलंय. गॅस्केट उडालं असेल तर वाचेल, पण हेडला तडा असेल तर संपलं. आणि तडाच असणार. विकून टाका." खोलून बघायला त्याला महिनाभर तरी सवड नाही म्हणे.

घरात येऊन यांना सांगितलं. शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "मग विकून टाक." जणू फाटकं पायपुसणं! वर वन्संनी सुचवलेली पॅकिंगची नोकरी लगेच काढली. एका जागी उभं राहून दिवसभर खोकी चिकटवायची. मी!

हा माणूस आजवर एकदाही माझ्या शेजारच्या सीटवर बसलेला नाही. बस चालते, रिक्षा चालते. बायकोची पिकअप नाही चालत.

४ नोव्हेंबर

ठरलं. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा ठोकळा, मीच उतरवणार. मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून इतकी वर्षं काय फक्त चहा प्यायले?

यांच्याशी करार केला. तडा निघाला तर गाडी विकायची, मी मुकाट्याने खोकी चिकटवीन. नाही निघाला तर विकायचं पुन्हा नाव काढायचं नाही. "कबूल," म्हणाले. फार पटकन म्हणाले. ते मला आवडलं नाही.

६ नोव्हेंबर

नवं गॅस्केट आणलं. हेड आणि इंजिनच्या मध्ये बसणारा पातळ पत्रा, भोकंच भोकं. अंगणात मी गाडीतलं पाणी काढत होते तर हे गॅस्केट घेऊन घरात गेले. मला वाटलं, लपवतात की काय! जाऊन बघते तर कटिंग टेबलावर खाकी कागद, त्यावर गॅस्केट, आणि मास्तर खडूने आखतायत. ब्लाउज बेतावा तसं. (मास्तर सगळं गावच म्हणतं. मीही म्हणते, चिडले की.)

"हे कशाला?" म्हटलं.

"तू बोल्ट खोलून डब्यात टाकणार. मग कुठला कुठला, शोधत बसणार. तुझी सुयांची डबी बघितलीय मी."

सुयांची डबी खरंच तशी आहे.

७ नोव्हेंबर

यांनी जाड कापडाचा एक फडका शिवलाय. त्यावर गॅस्केटचा नकाशा आणि जिथे बोल्ट तिथे एक खिसा. प्रत्येकावर आकडा, तोही टाका घालून! दुपारभर हसले. पण खिसे एकोणीस. हेडचे बोल्ट अठरा, मागे मेकॅनिकने झाकण उघडलं तेव्हा मी वरून मोजलेत. पुढच्या कोपऱ्यात एक छोटं गोल भोक आहे, त्याचाही खिसा केलाय. म्हटलं, ते तेलाचं भोक असणार, हा खिसा उसवा.

"काज आहे तर बटण आहे," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

शिवणकामातलं इंजिनला लावतात. असू दे.

८ नोव्हेंबर

सायलेन्सरकडचे नट गंजलेले. एक निघाला, बाकीच्यांनी माझी दोन नखं खाल्ली.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस फार छान गेला. खरंच. डिझेलचे पाइप सुटले, नोझल निघाले, वरचं झाकण निघालं. प्रत्येक पाइपाचं तोंड यांनी कापडाच्या तुकड्याने बांधलं, कचरा जायला नको म्हणून. चौकटीचे, ठिपक्यांचे, फुलाफुलांचे तुकडे. इंजिन लग्नाला निघाल्यासारखं दिसत होतं.

इंजिनच्या आतली चेन काढायच्या आधी ती चाकाच्या कुठल्या दातावर आहे याची खूण हवी. मी रंग शोधत होते, तोवर यांनी लाल दोरा ओवून चेनला आणि दाताला बांधलासुद्धा. "कच्चा टाका," म्हणाले. बोटं काळी झालेली. ज्या माणसाला कापडावर चहाचा थेंब खपत नाही त्याची! दिवसभर एकत्र, कधी इतके बोललो आठवत नाही. तरी मनात येतंच — याला हवं काय आहे? आत तडा निघावा, हेच ना?

११ नोव्हेंबर

यांच्या फोनवर एक गाड्यांचा दलाल. मी उचलला. "मास्तर आहेत का? पिकअपचं विचारायचं होतं." मास्तर नाहीत म्हटलं. समोरच बसले होते.

१३ नोव्हेंबर

हे आजच लिहायला हवं.

हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करत सैल केले. हँडलला पाइप लावून, लोंबकळून. अठराही निघाले, आपापल्या खिशात गेले. दोघांनी दोन बाजूंनी धरलं. एक, दोन, तीन — हलेना. रबरी हातोडीने ठोकलं. मागची बाजू केसभर उचलली, पुढची ढिम्म. सकाळभर तेच. डोकं फिरलं. छिन्नी आणली, हेडच्या खालच्या फटीत टेकवली, हातोडा उचलला.

हे म्हणाले, "थांब."

मी म्हटलं, "आता सांगू नका मला."

"एक खिसा रिकामा आहे."

फडका माझ्यासमोर धरला. पुढचा कोपरा. एकोणिसावा. मी वाकून बघितलं. हेडच्या त्या कोपऱ्यात एक खळगा आहे, त्याच दुधाळ तेलाने भरलेला. यांनी चिंध्या बुडवून बुडवून तेल टिपलं. मी बोट घातलं. तळाशी बोल्ट! छोटासा, गुपचूप बसलेला.

तो काढला आणि हेड कुरकुर न करता वर आलं. कुठे ठेवू म्हणून विचारलं, तर यांनी कटिंग टेबलाकडे मान केली. पेपर अंथरले होते आधीच. त्या टेबलावर माझी बांगडी टेकलेली चालत नाही!

नंतर मी पायरीवर बसले तेव्हा कळलं. छिन्नीचा एक घाव बसता तर हेडचा गुळगुळीत काठ फुटला असता. गाडी गेलीच असती. यांनी फक्त गप्प बसायचं होतं. करार जिंकले असते, हवं ते झालं असतं. आणि हा माणूस "थांब" म्हणाला. मला रडू आलं. यांना वाटलं नख दुखतंय, हळद आणायला गेले.

१४ नोव्हेंबर

गॅस्केट दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मध्ये जळलेलं. पण तडा? डोळ्यांना दिसत नाही. हे भिंग घेऊन हेडवर वाकलेत.

१७ नोव्हेंबर

लेथवाल्याकडे गेलो. हेड पाण्यात बुडवून आतून हवा भरतात, तडा असला तर बुडबुडे येतात. मी भिंतीकडे तोंड करून उभी. यांनी माझा पदर धरून ठेवला होता, लहान मुलासारखा.

"एकही नाही, मास्तर. थोडं वाकलंय, घासून देतो."

मी यांच्याकडे बघितलं. हसत होते!

रिक्षात विचारलं, "हरलात की. हसताय कशाला?" चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तू गेलीस की मी दिवसभर कान रस्त्याला लावून बसतो. शिवण वाकडी जाते, उसवतो, पुन्हा घालतो. त्या गाडीच्या आत काय आहे तेच माहीत नव्हतं ना. आता सगळं बघितलं."

"मग आधी सांगायचं ना."

"काय सांगायचं? भीती वाटते म्हणून?"

दलालाला त्यांनी कालच 'विकायची नाही' म्हणून कळवलंय.

२१ नोव्हेंबर

हेड चढलं. प्रत्येक बोल्ट आपल्या खिशातून आपल्या भोकात. एकोणिसावा यांनी स्वतः बसवला.

२२ नोव्हेंबर

चालू झाली. पांढरा धूर नाही. मेकॅनिक बघायला आला आणि फडका बघून गेला — त्याला तसले चार हवेत. मास्तरांनी मापं मागितली.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चावी खिळ्यावर नव्हती. अंगणात आले. गळ्यात टेप तसाच, सीट पुढे ओढलेली, हे स्टिअरिंगमागे बसलेले. म्हणाले, "बस शेजारी. आणि क्लच कुठला ते सांग."